कर्ज इमारतीच्या नावावर

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला ६,५१४ खिडक्या आहेत. २०१० साली या खिडक्यांचं जे काम झालं ते इमारतीतच झालं. पाचव्या मजल्यावर मोकळ्या जागेत एक छोटा कारखाना थाटला होता. खिडकीची दुहेरी काच उतरवून तिथे आणायची, उघडायची, स्वच्छ धुवायची. मग दोन काचांच्या मधोमध उष्णता अडवणारी पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत हवेऐवजी दुसरे वायू भरायचे, कडा बंद करायच्या आणि काच परत आपल्या जागी लावायची. जुन्या मालापैकी ९६ टक्के माल असा पुन्हा वापरात आला. खिडक्यांखाली हिवाळ्यात खोली तापवणारे हजारो रेडिएटर होते. त्यांची बरीच उष्णता पाठीमागच्या भिंतीतून बाहेर जात असे. प्रत्येक रेडिएटरमागे ती उष्णता आत परतवणारा थर बसवला.

यातला खरा शहाणपणा तळघरात दिसतो. १९३१ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीचे चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी अवाढव्य यंत्रं, बदलायला आली होती आणि त्यांची क्षमताही वाढवायची होती. पण खिडक्यांतून ऊन कमी आत येणार, बदललेले दिवे कमी तापणार, म्हणजे थंडाव्याची गरजच उतरणार, असा हिशेब अभियंत्यांनी मांडला. मोठे चिलर घेण्याचा बेत रद्द झाला. होते तेच दुरुस्त करून सुधारले. तिथे वाचलेल्या पैशातून खिडक्यांचा बराच खर्च निघाला. एकूण नूतनीकरणावर पन्नास कोटी डॉलरहून जास्त रक्कम लागणारच होती. त्यात ऊर्जाबचतीसाठी जादा घालायचे होते ते फक्त १ कोटी ३२ लाख डॉलर. आराखड्याप्रमाणे ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटणार होता आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचणार होते. तीन वर्षांत पैसे वसूल.

इतकं सरळ गणित आहे, तर मग जगातल्या प्रत्येक जुन्या कार्यालयी इमारतीत हे का होत नाही? फिल्म बाजारात मिळते, एलईडी दिवे मिळतात, चांगले चिलर मिळतात, छतावर सोलर पॅनेल बसवणारे गल्लोगल्ली आहेत. बँकांकडे पैसाही आहे. घोडं अडतं ते खर्च कुणी करायचा आणि फायदा कुणाला मिळायचा, या प्रश्नापाशी.

एखादी पाच मजली इमारत घ्या. मालक एक, गाळेधारक वीस. वीजबिल गाळेधारक भरतात. चिलर, लिफ्ट, गच्ची मालकाची. मालकाने पदरचे पैसे घालून नवा चिलर बसवला तर बिल कमी होतं गाळेधारकाचं. मालकाला त्यातून एक पैसाही दिसत नाही, मग तो का खर्च करील? गाळेधारकाने करावा, तर त्याचा भाडेकरार तीन वर्षांचा. ज्या यंत्राचे पैसे सात वर्षांत वसूल होतात त्यात तीन वर्षांचा पाहुणा पैसे कशाला घालील? दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि इमारत वर्षानुवर्षं वीज गळत राहते.

मालक स्वतःच जागा वापरत असला तरी अडचण संपत नाही. इमारत विकायचा विचार डोक्यात असतो. पाच-सहा वर्षांत विकली, तर पुढच्या पंधरा वर्षांची बचत खरेदीदाराच्या खिशात जाणार आणि कर्ज मात्र आपल्या नावावर राहणार. बँकेचीही बाजू आहे. इन्शुलेशन म्हणजे भिंतीत भरलेला थर, तो जप्त करून विकता येत नाही. खिडकीवरची फिल्म काढून नेली तर तिची किंमत शून्य. तारण म्हणून दाखवायला काही नसल्यामुळे बँक कर्ज देते ते तीन ते सात वर्षांचं, चढ्या हप्त्याचं.

हप्त्याचं गणित एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. समजा काम ५ लाख डॉलरचं आहे आणि त्यातून दर वर्षी ६० हजार डॉलर वाचतात. व्याज ७ टक्के. पाच वर्षांच्या कर्जाचा वार्षिक हप्ता येतो सुमारे १ लाख २२ हजार. म्हणजे पाच वर्षं मालकाने दर वर्षी ६२ हजार डॉलर खिशातून घालायचे. तेच कर्ज वीस वर्षांचं असेल, तर हप्ता सुमारे ४७ हजारांवर उतरतो आणि पहिल्याच वर्षापासून १३ हजार डॉलर हातात राहतात. एकूण व्याज मात्र पाच वर्षांत १ लाख १० हजारांच्या आसपास होतं तेच वीस वर्षांत ४ लाख ४४ हजारांवर जातं. लांब मुदतीचं कर्ज स्वस्त नसतं, हे विसरून चालणार नाही. पण ज्या मालकाकडे वर्षाला ६२ हजार डॉलर मोकळे नाहीत त्याच्यासाठी पहिला पर्याय अस्तित्वातच नसतो.

बचतीतूनच कर्ज फेडायचं ही कल्पना मुळात फार जुनी. अठराव्या शतकात मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या तांब्या-कथलाच्या खाणींना वाफेचं इंजिन दिलं ते याच अटीवर. तिथे कोळसा निघत नसे, तो वेल्समधून जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. खाणींतलं पाणी उपसायला तोवर न्यूकमेनचं इंजिन वापरात होतं, त्याला कोळसा भरमसाट लागे. वॉटचं इंजिन त्यापेक्षा कितीतरी कमी कोळशात तेच काम करी. जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा बोल्टन-वॉट यांना, दोन हिस्से खाणमालकाला, असा करार. इंजिनाने किती फेरे मारले ते मोजायला कुलूपबंद पेटीत गणकयंत्र बसवलेलं असे. सुरुवातीला खाणमालक खूश होते. काही वर्षांनी, न जाळलेल्या कोळशाचे पैसे आपण का द्यायचे, अशी कुरकुर सुरू झाली. पैसे थकले, प्रकरणं कोर्टात गेली. १८०० साली पेटंट संपलं तेव्हा कॉर्नवॉलने सुटकेचा निःश्वास सोडला.

वाचलेली वस्तू दिसत नाही, तिचं बिल कुणी देत नाही, हा त्या खाणमालकांनी दिलेला धडा. आज ऊर्जासेवा कंपन्या, म्हणजे एस्को, याच पद्धतीने काम करतात आणि त्यांचे वादही तेच असतात. बचत खरंच झाली का? की या वर्षी उन्हाळा सौम्य होता? की दोन मजले रिकामे होते? आधी इमारत किती वीज घेत होती याची पायाभूत नोंद ज्यांनी काळजीपूर्वक करून ठेवलेली असते, त्यांचेच करार टिकतात.

या सगळ्या गुंत्यातली एक गाठ सोडवण्याची युक्ती २००७-०८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात निघाली. तिथले महापौर टॉम बेट्स यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते सिस्को डिव्हराइज. बर्कलीच्या काही वस्त्यांतल्या रहिवाशांना विजेच्या लोंबत्या तारा जमिनीखाली न्यायच्या होत्या. खर्च मोठा होता. अमेरिकेत अशा कामासाठी जुनी सोय आहे: त्या वस्तीचा विशेष कर-विभाग करायचा, पैसे एकदम उभे करायचे आणि त्या घरांच्या मालमत्ता कराच्या बिलात हप्ता जोडून ते वर्षानुवर्षं वसूल करायचे. पदपथ, गटारं, रस्त्यांवरचे दिवे यासाठी हे नेहमीचंच. तारा जमिनीखाली नेण्यासाठी हे चालतं, तर छतावरच्या सोलर पॅनेलसाठी का चालू नये, असं डिव्हराइज यांच्या मनात आलं.

कल्पनेचं बळ एका मुद्द्यात आहे. मालमत्ता कर माणसाच्या नावावर नसतो, तो मालमत्तेवर असतो. घर विकलं की पुढचा हप्ता नवा मालक भरतो, कारण पॅनेलही त्याच्याच छतावर आहे. ज्याला फायदा, त्याला हप्ता. शिवाय कर थकला तर त्याची वसुली गृहकर्जाच्याही आधी होते. त्यामुळे पैसे देणाऱ्याला जोखीम कमी वाटते आणि तो वीस वर्षं थांबायला तयार होतो. भिंतीतल्या इन्शुलेशनला तारणाची किंमत नसेना का, त्याच्याभोवतीची जमीन आणि इमारत आहेच.

बर्कलीचा प्रयोग अगदी छोटा होता, शेवटी तेराच घरांवर पॅनेल बसली. पण जुलै २००८ मध्ये कॅलिफोर्नियाने सगळ्या शहरांना अशी योजना करता यावी म्हणून कायदा केला. पाम डेझर्ट, सोनोमा काउंटी यांनी लगेच कामं सुरू केली आणि पाहता पाहता ही पद्धत राज्याराज्यांत गेली. प्रॉपर्टी असेस्ड क्लीन एनर्जी या नावाचं लघुरूप झालं पेस. कार्यालयं, दुकानं, हॉटेलं, गोदामं, दवाखाने अशा व्यापारी इमारतींसाठीच्या प्रकाराला सी-पेस म्हणतात.

मग मोठा धक्का बसला. अमेरिकेतली बरीच गृहकर्जं फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्था बँकांकडून विकत घेतात. २००८ च्या पडझडीत सरकारने त्या आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गृहवित्त यंत्रणेने ६ जुलै २०१० रोजी जाहीर केलं की, पेसचा हप्ता गृहकर्जाच्या आधी वसूल होणार असेल तर ते आम्हाला चालणार नाही. आपण कर्ज दिलेल्या घरावर आपल्याला न विचारता दुसरा कुणी येऊन आपल्याही पुढचा बोजा चढवतो, ही सावकाराची तक्रार होती. गावात सातबाऱ्यावर ज्याने बोजा चढलेला पाहिला आहे त्याला ही तक्रार समजायला वेळ लागणार नाही. निवासी पेस बहुतेक ठिकाणी रातोरात थांबलं.

कॅलिफोर्नियात ते पुढे वेगळ्या वाटेने पुन्हा सुरू झालं आणि त्यातून जे घडलं ते वाईट होतं. दारोदार फिरणारे ठेकेदार म्हाताऱ्या माणसांना, इंग्रजी नीट न येणाऱ्यांना टॅबलेटवर सह्या करायला लावत. ही सरकारी योजना आहे, खिशातून काही जात नाही, असं सांगत. माणसाची फेडण्याची ऐपत कुणी तपासत नव्हतं, कारण पैसे देणाऱ्याची वसुली घरातून होणारच होती. वर्षाच्या शेवटी कराचं बिल हजारो डॉलरनी फुगलेलं पाहून लोकांना धक्का बसे. काहींची घरं जाण्याची वेळ आली. २०१७ मध्ये राज्याने ऐपत तपासणं बंधनकारक करणारे कायदे केले, आणि २०२० मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने आपली निवासी योजना बंदच केली. वसुलीची हमी पक्की असली की देणारा बेफिकीर होतो. या योजनेचं जे बलस्थान, तेच घरांच्या बाबतीत घातक ठरलं.

व्यापारी इमारतींच्या बाजूला असं झालं नाही, आणि त्याची कारणं नीट पाहायला हवीत. पहिली गोष्ट म्हणजे तिथे तारण धरलेल्या बँकेची लेखी संमती घेण्याची पद्धत पडली. बँकेने ना हरकत दिल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. बँका संमती का देतात? कारण इमारत लिलावात निघाली तरी बँकेच्या आधी वसूल होतो तो फक्त थकलेला हप्ता. उरलेलं सगळं कर्ज एकदम मागता येत नाही, ते पुढच्या मालकाकडे जातं. वर ४७ हजारांचा हप्ता धरला आहे, तो दोन वर्षं थकला तरी बँकेच्या पुढे येणारी रक्कम दंड-व्याज सोडून लाखभर डॉलरची, पाच लाखांची नव्हे. आणि इमारतीचा चालू खर्च उतरला तर बँकेचं मूळ कर्जही जास्त सुरक्षित होतं.

दुसरी गोष्ट कनेक्टिकट राज्याने करून दाखवली. २०११ मध्ये या छोट्या राज्याने अमेरिकेतली पहिली राज्यस्तरीय ग्रीन बँक, म्हणजे स्वच्छ ऊर्जेच्या कामांना पैसा पुरवणारी संस्था, काढली. वीजग्राहकांच्या बिलात दर युनिटमागे सेंटचा दहावा हिस्सा अशी किरकोळ आकारणी आणि त्यातून उभा राहणारा निधी, हा तिचा पाया. २०१२ मध्ये सी-पेसचा कायदा झाला आणि राज्यभराचा कारभार शहराशहरांत न वाटता या एकाच संस्थेकडे आला. तिने एक अट घातली: कामाच्या आयुष्यभरात होणारी बचत, व्याजासकट एकूण खर्चापेक्षा जास्त असली पाहिजे आणि हे स्वतंत्र अभियंत्याने तपासून सांगितलं पाहिजे. ठेकेदाराच्या शब्दावर भागणार नाही. सुरुवातीची कर्जं ग्रीन बँकेने स्वतःच्या पैशातून दिली, ती एकत्र करून खासगी गुंतवणूकदारांना विकली आणि मोकळा झालेला पैसा पुन्हा नव्या इमारतींना दिला. सरकारी पैशाने वाट पाडून द्यायची आणि मागून खासगी पैसा आणायचा, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर पिअर वन नावाची जुनी इमारत आहे. गोदामं बांधणाऱ्या प्रोलॉजिस कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. २०१२ मध्ये १४ लाख डॉलरच्या सी-पेसमधून तिथले दिवे आणि वातानुकूलन सुधारलं, छतावर सोलर पॅनेल आली. शहरातला हा पहिला सी-पेस व्यवहार. भाड्याच्या इमारतींत तर आणखी एक सोय होते. अमेरिकेत अनेक व्यापारी भाडेकरारांत मालमत्ता कर गाळेधारकांवर वाटला जातो. पेसचा हप्ता कराच्याच बिलात येत असल्यामुळे तोही वाटता येतो. वीजबिल गाळेधारकाचं कमी झालं, हप्ताही त्याच्याच वाट्याला गेला आणि बचत हप्त्यापेक्षा मोठी असेल तर कुणाचंच नुकसान झालं नाही. अर्थात ही बचत खरोखर मोठी आहे हे कुणीतरी तपासायला हवं, नाहीतर गाळेधारकाच्या माथी नुसता खर्च बसेल.

आज अमेरिकेतल्या पस्तीसहून जास्त राज्यांत सी-पेसला कायद्याची वाट आहे. फ्लोरिडात याच मार्गाने वादळात टिकणारी छपरं आणि खिडक्या, कॅलिफोर्नियात भूकंपासाठी बळकटी, अशीही कामं होतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराने याच धर्तीवर महापालिकेच्या आकारणीतून परतफेड करण्याची योजना आणली. पण जसजसा पैसा मोठा झाला तसतसा हेतू पातळ होत चालला आहे, हेही नोंदवायला हवं. नवी हॉटेलं आणि नवे टॉवर बांधणारे विकासक आता सी-पेसकडे वळतात ते ऊर्जेसाठी कमी आणि महागड्या दुय्यम कर्जाला स्वस्त पर्याय म्हणून जास्त. इमारत कायद्याने लागते त्यापेक्षा जराशी सरस बांधली की काही राज्यांत पात्रता मिळते. कनेक्टिकटची ती कडक अट अनेक राज्यांनी सैल केली किंवा ठेवलीच नाही. माझ्या मते ही चूक आहे. सार्वजनिक करवसुलीची ताकद खासगी कर्जामागे उभी करायची असेल, तर त्या बदल्यात ऊर्जेची खरी बचत दिसलीच पाहिजे.

सवलतीने जिथे भागत नाही तिथे सक्ती लागते. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये स्थानिक कायदा क्रमांक ९७ केला. शहराच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सुमारे दोनतृतीयांश हिस्सा इमारतींचा. २५ हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा ठरवून दिली, ती २०२४ पासून लागू झाली आणि २०३० पासून बरीच कडक होणार आहे. मर्यादा ओलांडली तर दर टनामागे २६८ डॉलर दंड. दंड डोळ्यांसमोर दिसू लागला तसं खिडक्या-चिलरचं गणित मालकांना पटू लागलं. २०२१ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या १११ क्रमांकाच्या इमारतीने ८ कोटी ९० लाख डॉलरचं सी-पेस कर्ज घेतलं. न्यूयॉर्क शहरातला तो पहिलाच असा व्यवहार होता. दंडाची भीती आणि कर्जाची सोय यांपैकी एकच असतं तर इतकं मोठं काम निघालं नसतं, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे. मालमत्ता कराचा बोजा इमारतीवर असतो आणि त्याचा हक्क इतर बहुतेक देण्यांच्या आधी येतो, हे तत्त्व १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातच आहे. थकबाकी असलेला गाळा विकत घेणाऱ्याला ती भरावी लागते, हा अनुभव मुंबई-पुण्यात अनेकांनी घेतला आहे. सार्वजनिक सुधारणेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतला हिस्सा मालकाकडून घ्यायचा, ही नगररचना योजनेतली, म्हणजे टीपी स्कीममधली, पद्धत तर १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते, म्हणजे कराचं बिल आणि हरित काम यांची सांगड आपल्या प्रशासनाला नवी नाही. बचत तपासायला स्वतंत्र माणसंही आहेत. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो परीक्षा घेऊन ऊर्जा लेखापरीक्षक तयार करतो.

मुंबईत फोर्टमधल्या गोदरेज भवनने हे करून दाखवलं. १९७२ ची ही इमारत २०१० मध्ये सुधारली, वातानुकूलन आणि दिवे बदलले, आणि खर्च पाच वर्षांच्या आत वसूल होईल असा हिशेब निघाला. पण तिथे मालक आणि वापरणारे एकाच समूहातले होते. नरिमन पॉइंटला किंवा लक्ष्मी रोडला तसं नसतं. आपल्या व्यापारी इमारतींत गाळ्यागाळ्याचा मालक वेगळा, प्रत्येकाचं कराचं बिल वेगळं, गच्ची आणि चिलर प्रिमायसेस सोसायटीच्या नावे, जमीन कधी कधी भाडेपट्ट्याची. अमेरिकेतली एक इमारत, एक मालक, एक बिल ही रचना इथे जशीच्या तशी बसणार नाही. हप्ता चटईक्षेत्राप्रमाणे गाळ्यांवर वाटावा लागेल, त्याला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल आणि ज्या गाळ्यांवर कर्ज आहे त्या प्रत्येक बँकेची संमती लागेल. दुसरी अडचण वसुलीची. मालमत्ता कराची थकबाकी आणि अभय योजना हे आपल्या महापालिकांचं नेहमीचं चित्र आहे. दर काही वर्षांनी दंड माफ होणार असेल, तर त्या बिलात जोडलेल्या हप्त्यावर कोणता गुंतवणूकदार विश्वास ठेवील?

तरीही प्रयोग करण्याजोगा आहे, आणि तो घरांपासून सुरू करू नये. कॅलिफोर्नियातल्या त्या म्हाताऱ्या माणसांवर जे ओढवलं ते इथल्या कुणावर ओढवता कामा नये. करवसुली चोख असलेली एखादी महापालिका निवडावी, एकाच मालकाच्या मोजक्या इमारती घ्याव्यात, बँकेची लेखी संमती आणि स्वतंत्र लेखापरीक्षकाचा दाखला या दोन अटी कायद्यातच लिहाव्यात आणि त्या पुढे कुणाच्या सोयीसाठी सैल करू नयेत. राज्य सरकारने महापालिका कायद्यांत तेवढी दुरुस्ती केली तर सुरुवात होऊ शकते.

तोपर्यंत वाचकांपैकी जे एखाद्या व्यापारी संकुलाच्या समितीवर आहेत, किंवा ज्यांचा गाळा भाड्याने दिलेला आहे, त्यांनी दोन कामं हाती घ्यावीत. इमारतीचं ऊर्जा लेखापरीक्षण प्रमाणित परीक्षकाकडून करून घ्यावं आणि गेल्या तीन वर्षांची वीजबिलं एकत्र जुळवून ठेवावीत. आणि पुढचा भाडेकरार लिहिताना, मालकाने ऊर्जाबचतीचं काम केलं तर बिलातल्या बचतीचा किती हिस्सा त्याला मिळेल आणि ती बचत कुणी मोजायची, हे कलम त्यात घालून घ्यावं. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.